टॉवेलचा नंबर आणि द्राक्षाचा पत्ता

वेष्टनात बांधलेला सोलापुरी टेरी टॉवेल हातात घेतला, तर लेबलावर माप, किंमत आणि धुण्याच्या सूचना यांच्या शेजारी काळ्या उभ्या रेघांचा एक चौकोन बहुधा दिसतो. असाच चौकोन साबणावर, वहीच्या मलपृष्ठावर आणि बिस्किटांच्या पुड्यावर असतो. या रेघांना आपण बारकोड म्हणतो. ‘यात काय लिहिलेले असते?’ असे वर्गात विचारून पाहावे. बरेच विद्यार्थी ‘किंमत’ असे सांगतील. काही जण ‘वस्तू कोणत्या देशात बनली ते’ असे सांगतील. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत.

टॉवेलवरच्या त्या रेघांत फक्त एक क्रमांक असतो. त्यात ना किंमत असते, ना सुताचा दर्जा, ना विणकराचे नाव. मग एका कोऱ्या क्रमांकाच्या जोरावर सोलापूरचा टॉवेल परदेशातल्या दुकानात बिनचूक कसा विकला जातो? पंढरपूर तालुक्यातल्या द्राक्षांची पेटी युरोपात सदोष निघाली, तर ती कोणत्या बागेतली हे कसे कळते? आणि एवढी व्यवस्था असूनही कधी कधी घात का होतो? या तीन प्रश्नांच्या आधारे आपण हा विषय समजून घेऊ.

क्रमांक म्हणजे माहिती नव्हे

शिक्षकांना ही गोष्ट शाळेच्या जनरल रजिस्टरवरून चटकन समजेल. रजिस्टरातला ४५१२ हा क्रमांक विद्यार्थ्याविषयी स्वतः काहीच सांगत नाही. पण त्या क्रमांकाचे पान उघडले की नाव, जन्मतारीख, आधीची शाळा असे सगळे सापडते. क्रमांक हा माहितीचा पत्ता असतो. त्याच्याकडून दोनच अपेक्षा असतात. एक, तो दुसऱ्या कोणालाही दिलेला नसावा. दोन, तो वाचणाऱ्या सर्वांनी त्याचा अर्थ एकच लावावा.

गावातल्या एका दुकानापुरते हे सोपे आहे. दुकानदार स्वतःच्या मालाला १, २, ३ असे क्रमांक देऊ शकतो. पण सोलापूरच्या कारखानदाराने टॉवेलला दिलेला २५ क्रमांक आणि मालेगावच्या व्यापाऱ्याने कापडाला दिलेला २५ क्रमांक एकाच दुकानात आले की गोंधळ होणार. म्हणून क्रमांकांचे वाटप करणारी सामाईक व्यवस्था लागते. अमेरिकेत अशी व्यवस्था १९७०च्या दशकात उभी राहिली. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय या गावी, एका सुपरमार्केटात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा विक्रीसाठी वाचला गेला. युरोपातल्या देशांनी १९७७ साली आपली संघटना स्थापन केली आणि तेरा अंकी क्रमांक प्रचारात आणला. भारतात हे काम करणारी ‘ईएएन इंडिया’ ही संस्था १९९६ साली सुरू झाली. आज ती ‘जीएस१ इंडिया’ या नावाने ओळखली जाते.

तेरा अंकी क्रमांकाचे चार भाग पडतात. पहिले तीन अंक कोणत्या देशातल्या संस्थेने क्रमांक दिला ते दाखवतात. भारतासाठी ते ८९० आहेत. पुढचे काही अंक कंपनीचे, त्यानंतरचे त्या कंपनीच्या विशिष्ट वस्तूचे आणि शेवटचा एक अंक तपासणीचा. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ८९० म्हणजे ‘भारतात बनलेले’ असे नव्हे. भारतात नोंदलेल्या कंपनीने माल परदेशातून बनवून आणला, तरी त्यावर ८९० असू शकते. उलट, सोलापुरात विणलेला टॉवेल परदेशी दुकानदाराच्या नावाने विकला जात असेल, तर त्यावर त्या दुकानदाराचा क्रमांक असेल. आणखी एक गोष्ट अशी, की मोठा आणि छोटा टॉवेल, निळा आणि पांढरा टॉवेल, यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. पण एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या हजारो टॉवेलांवर मात्र एकच क्रमांक असतो.

आणि किंमत? ती दुकानाच्या संगणकात असते. रेघांतून क्रमांक वाचला जातो, संगणक त्या क्रमांकाचे पान उघडतो आणि त्यावरची किंमत बिलात घालतो. म्हणूनच किंमत बदलली तरी बारकोड बदलावा लागत नाही.

रेघा वाचल्या कशा जातात?

रेघांची कल्पना तशी जुनी आहे. नॉर्मन वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर या दोन अमेरिकनांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला व १९५२ साली त्यांना ते मिळाले. वुडलँड यांना तारायंत्राची मोर्स लिपी येत होती. तिच्यातले ठिपके आणि रेघा खाली ओढून लांब केल्या तर जाड-बारीक पट्ट्या तयार होतील, असे त्यांना सुचले. पण त्या वाचायला स्वस्त आणि प्रखर प्रकाशझोत हवा होता, आणि माहिती शोधायला स्वस्त संगणक. लेसर व संगणक दोन्ही हाताशी येईपर्यंत ही कल्पना वीस वर्षे कागदावरच राहिली.

वाचणारे यंत्र रेघांवर बहुधा तांबडा प्रकाश टाकते. पांढऱ्या जागेवरून तो परावर्तित होतो, काळी रेघ तो शोषून घेते. परत आलेला प्रकाश एका प्रकाश-संवेदकावर पडतो आणि कमी-जास्त विद्युतप्रवाह निर्माण होतो. येथे भौतिकशास्त्राचा एक चांगला प्रश्न विचारता येईल: पांढऱ्या कागदावर तांबड्या रेघा छापल्या तर? तांबडी शाई तांबडा प्रकाश परत पाठवते. त्यामुळे यंत्राला रेघ आणि कागद सारखेच उजळ दिसतात आणि काहीच वाचता येत नाही. लेबलाच्या शोभेसाठी रंग निवडताना छापखान्यांना हे ध्यानात ठेवावे लागते.

संपूर्ण बारकोड ९५ समान रुंदीच्या बारीक पट्ट्यांत विभागलेला असतो. दोन्ही टोकांना तीन-तीन आणि मध्यभागी पाच पट्ट्या खुणेच्या असतात. उरतात ८४. एका अंकाला सात पट्ट्या, म्हणजे १२ अंकांची सोय झाली. प्रत्येक अंकाच्या सात पट्ट्यांत दोन काळ्या रेघा आणि दोन पांढऱ्या जागा बसवलेल्या असतात. विद्यार्थ्यांना भिंग देऊन काळ्या रेघा मोजायला सांगा. अंकांच्या २४ आणि खुणांच्या ६ मिळून त्या ३० भरल्या पाहिजेत, मग वस्तू कोणतीही असो.

पण अंक तर तेरा आहेत! तेराव्याची सोय मोठ्या हुशारीने केली आहे. डाव्या बाजूच्या सहा अंकांसाठी रेघांच्या दोन वेगळ्या घडणी ठरवलेल्या आहेत. कोणत्या जागी कोणती घडण वापरली, या क्रमावरून अगदी पहिला अंक ओळखला जातो. त्या अंकाला स्वतःच्या रेघा नसतातच. उजव्या बाजूची घडण आणखी निराळी असल्याने वस्तू उलटी धरली तरी यंत्र फसत नाही. शिवाय यंत्र रेघांची प्रत्यक्ष रुंदी न मोजता त्यांचे परस्परांशी असलेले प्रमाण पाहते. त्यामुळे टॉवेल जवळ धरा की थोडा दूर, क्रमांक तोच येतो.

शेवटचा अंक: पहारेकरी

लेबल चुरगळले, शाई पसरली किंवा एखाद्याने क्रमांक हाताने टाइप केला, तर चूक होणारच. ती पकडण्यासाठी तेरावा अंक असतो. उदाहरणापुरता आपण ८९०४१२३०७५१६ हा बारा अंकी आकडा घेऊ.

विषम स्थानांवरचे (पहिला, तिसरा, पाचवा…) अंक: ८+०+१+३+७+१ = २०.
सम स्थानांवरचे अंक: ९+४+२+०+५+६ = २६. यांना ३ ने गुणले की ७८.
एकूण बेरीज २०+७८ = ९८.

आता पुढची दहाची पट गाठायला २ लागतात. म्हणून तपास-अंक २ आणि पूर्ण क्रमांक ८९०४१२३०७५१६२. क्रमांक वाचल्यावर यंत्र हीच बेरीज पुन्हा करते. तपास-अंकासह ती दहाच्या पटीत आली नाही, तर क्रमांक नाकारते.

समजा, नवव्या स्थानावरचा ७ चुकून १ वाचला गेला. बेरीज सहाने घटून तपास-अंकासह १०० ऐवजी ९४ येईल आणि चूक उघड होईल. कोणताही एक अंक चुकला तरी ती पकडली जाते. विषम स्थानावर बेरीज १ ते ९ इतकी बदलते, सम स्थानावर त्याच्या तिप्पट. आणि ३, ६, ९ पासून २७ पर्यंतच्या या तिपटींत दहाची पट एकही नाही. म्हणूनच गुणक २ किंवा ५ न घेता ३ घेतलेला आहे.

टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट होणे ही आणखी एक नेहमीची चूक. पाचव्या-सहाव्या स्थानावरचे १ आणि २ उलटे करा. बेरीज तपास-अंकासह ९८ येते, चूक सापडते. आता अकराव्या-बाराव्या स्थानावरचे १ आणि ६ उलटे करा. बेरीज ९० येते आणि चुकीचा क्रमांक बिनबोभाट पुढे जातो! असे का व्हावे? शेजारचे अंक उलटले की बेरीज त्यांच्या फरकाच्या दुपटीने बदलते. फरक ५ असेल तर दुप्पट १० होते आणि पहारेकऱ्याला झोप लागते. अशा जोड्या कोणकोणत्या, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे.

टॉवेलपासून खोक्यापर्यंत, खोक्यापासून संदेशापर्यंत

दुकानदार एक टॉवेल विकतो. कारखाना मात्र खोके पाठवतो, आणि निर्यातीत अनेक खोकी एका लाकडी पाटावर रचून, बांधून जातात. प्रत्येक वेळी खोके फोडून टॉवेल मोजणे परवडणारे नाही. म्हणून बांधलेल्या प्रत्येक रचनेला स्वतंत्र अठरा अंकी क्रमांक देता येतो. टॉवेलचा क्रमांक ‘ही कोणत्या प्रकारची वस्तू’ एवढेच सांगतो. अठरा अंकी क्रमांक मात्र ‘नेमका हाच गठ्ठा’ असे सांगतो. खोक्यावरच्या मोठ्या बारकोडमध्ये क्रमांकांच्या आधी छोटे संकेतही असतात: ०१ असेल तर पुढे वस्तूचा क्रमांक, १० असेल तर उत्पादनाचा गट, १३ असेल तर बांधणीची तारीख. पाकिटावर आडनावाआधी ‘श्री.’ किंवा ‘श्रीमती’ पाहून आपण वाचायला तयार होतो, तसा हा प्रकार.

आता प्रश्न असा, की त्या गठ्ठ्यात काय आहे हे घेणाऱ्याला कळणार कसे? जुन्या पद्धतीत खरेदीदार मागणीपत्र पाठवी. कारखान्यातला कारकून ते वाचून आपल्या वहीत उतरवी. मग चलन, बिल, वाहतूकदाराची पावती, जकातीची कागदपत्रे. एकच आकडा पाच-सहा ठिकाणी पाच-सहा माणसे पुन्हा लिहीत. प्रत्येक लिहिण्यात चुकीची संधी, आणि प्रत्येक चुकीत अडकून पडलेले पैसे.

यावर उपाय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला ठरलेल्या साच्यात थेट संदेश पाठवणे. याला इलेक्ट्रॉनिक माहिती-विनिमय म्हणतात. नुसती ई-मेल म्हणजे माहिती-विनिमय नव्हे. कारण ई-मेल माणसाला वाचून पुन्हा टाइप करावी लागते. येथे कितवी ओळ, कोणता क्रमांक, किती नग, कोणती तारीख यांच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. या विचाराचे मूळ १९४८-४९ च्या बर्लिनच्या नाकेबंदीत आहे. विमानांनी अन्नधान्य व कोळसा पोचवताना वेगवेगळ्या भाषांतल्या, वेगवेगळ्या नमुन्यांच्या मालयाद्यांनी गोंधळ उडे. तेव्हा एडवर्ड गिल्बर्ट या अमेरिकी अधिकाऱ्याने सर्वांसाठी एकच नमुना ठरवला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने ‘एडिफॅक्ट’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण तयार झाले आणि १९८७ साली त्याच्या रचनेला आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची मान्यता मिळाली.

यातला सर्वांत उपयोगी संदेश म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना. सोलापूरहून ट्रक सुटला, की कोणत्या अठरा अंकी क्रमांकाच्या गठ्ठ्यात कोणत्या क्रमांकाचे किती टॉवेल आहेत, ही यादी घेणाऱ्याच्या संगणकात आधीच पोचते. माल आल्यावर गोदामातला माणूस गठ्ठ्यावरचा बारकोड वाचतो आणि यादीशी मेळ आपोआप बसतो. माल आणि त्याची माहिती वेगवेगळ्या वाटांनी जातात. क्रमांक त्यांची पुन्हा गाठ घालून देतो. वस्तू व सेवा कराखालील ई-इन्व्हॉइस हे याच विचाराचे देशी रूप आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून ते ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झाले. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीलाही ते सक्तीचे आहे. ठरलेल्या साच्यात बिलाची माहिती सरकारी संगणकाकडे जाते आणि तेथून बिलाचा क्रमांक व क्यूआर कोड परत येतो. सोलापुरातल्या मध्यम आकाराच्या यंत्रमाग व्यवसायापर्यंतही ‘ठरलेला साचा’ येऊन पोचला आहे.

बागेचा पत्ता

टॉवेल चुकीचा गेला तर पैशाचे नुकसान होते. अन्न चुकीचे गेले तर प्रश्न आरोग्याचा असतो. २००३ साली युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. दोष काही मालात होता. पण पेटीवरून बाग ओळखता येत नसेल, तर ग्राहक देश सगळ्याच द्राक्षांकडे संशयाने पाहणार. ज्याने फवारणीचे नियम काटेकोर पाळले, त्या बागायतदाराचीही किंमत पडणार. माग काढण्याच्या व्यवस्थेतला खरा प्रश्न येथे आहे. तिच्यामुळे दोषी सापडतो हे खरेच, पण निर्दोष माणूस सुटतो हे अधिक महत्त्वाचे. युरोपीय कायद्याने १ जानेवारी २००५ पासून अन्नव्यवसायातल्या प्रत्येकावर बंधन घातले: माल कोणाकडून घेतला आणि कोणाला दिला, दोन्ही सांगता आले पाहिजे. म्हणजे एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे.

या पार्श्वभूमीवर कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाने, म्हणजे अपेडाने, २००६ साली ‘ग्रेपनेट’ सुरू केले. निर्यात करू इच्छिणारा शेतकरी कृषी विभागाकडे बागेची नोंदणी करतो. प्रत्येक बागेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. तोडणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा बागेतून नमुना घेते आणि त्याचा निष्कर्ष बागेच्या क्रमांकाखाली नोंदवते. अंश मर्यादेबाहेर असतील तर त्या बागेचा माल पुढे जाऊ शकत नाही. नंतर पॅकहाऊस, प्रतवारीचा दाखला, रोग-कीडमुक्ततेचा दाखला या साऱ्या पायऱ्या त्याच क्रमांकाला जोडल्या जातात. प्रयोगशाळांवर देखरेखीचे काम पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे आहे. याच धर्तीवर डाळिंबासाठी ‘अनारनेट’ आले. सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या तालुक्यांच्या दृष्टीने ते महत्त्वाचे, कारण राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावलाच आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे.

क्रमांकाला जे कळत नाही

ग्रेपनेट चालू असतानाच २०१० साली पुन्हा संकट आले. युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले आणि कितीतरी माल अडकला. हे शेतकऱ्यांच्या बोलण्यातले ‘सीसीसी’. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घड चांगले यावेत म्हणून ते वापरले जाई. बागांचे क्रमांक होते, नमुने घेतले होते, नोंदी होत्या. पण प्रयोगशाळेने ज्या रसायनांचा शोध घ्यायचा, त्या त्या हंगामाच्या यादीत हे नावच नव्हते. जो प्रश्न विचारला नाही, त्याचे उत्तर नोंदीत कोठून येणार? नंतर ते यादीत घालण्यात आले.

पहिल्या नोंदीचेही तसेच आहे. महाराष्ट्रातल्या शाळांत एके काळी १ जून ही असंख्य मुलांची जन्मतारीख झाली, कारण पालकांना तारीख ठाऊक नव्हती आणि गुरुजींना रकाना भरायचा होता. ती तारीख दाखल्यावर, नोकरीत आणि निवृत्तिवेतनापर्यंत बिनचूक पोचली. व्यवस्थेने नक्कल अचूक केली, म्हणून मूळ नोंद खरी ठरत नाही. बागेतली फवारणीची वही महिनाअखेरीला एकदम आठवून लिहिली, किंवा शेजाऱ्याचा माल आपल्या क्रमांकाखाली गेला, तर तपास-अंक बरोबर येईल, संदेश वेळेवर पोचेल आणि माहिती मात्र खोटी असेल. सोलापूरबाहेर विणलेल्या चादरीवर ‘सोलापुरी’ असे छापून खाली व्यवस्थित वाचता येणारा बारकोड लावता येतो. यंत्र तक्रार करणार नाही. चादरीला मिळालेला भौगोलिक निर्देशांक कायद्याने जपावा लागतो. रेघा ते काम करत नाहीत.

पुढच्या काळात रेघांची जागा हळूहळू ठिपक्यांचे चौकोन घेतील. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेल्या क्यूआर कोडमध्ये वस्तूच्या क्रमांकाबरोबर गट आणि तारीखही मावते, आणि काही भाग फाटला तरी तो वाचता येतो. २०२७ च्या अखेरीपर्यंत जगभरातल्या दुकानांनी असे कोड वाचण्याची तयारी करावी, असे जीएस१ या जागतिक संघटनेचे उद्दिष्ट आहे. जागा वाढेल, वेग वाढेल. पण चौकोनात काय भरायचे हे तेव्हाही माणसालाच ठरवावे लागेल.

म्हणून हा विषय वर्गात घेताना तपास-अंकाच्या गणिताबरोबर दुसरा एक उपक्रम करावा, असे आम्ही सुचवू. विद्यार्थ्यांनी घरातली एखादी भाजी किंवा फळ निवडावे आणि एक-एक पाऊल मागे जात विचारावे: हे कोणाकडून आणले? त्याने कोणाकडून घेतले? सोलापूरच्या बाजार समितीत कोणत्या गावाहून आले? माग कोठे तुटतो ते वहीत लिहावे. बहुतेकांचा माग दुसऱ्या-तिसऱ्या पावलावर तुटेल. युरोपातल्या ग्राहकाला सोलापूरच्या द्राक्षाची बाग कळू शकते. सोलापुरातल्या ग्राहकाला मात्र आपल्या ताटातल्या भाजीचे शेत सहसा कळत नाही. ते कळावे की नाही, आणि कळायचे तर त्याचा खर्च शेतकऱ्याने, व्यापाऱ्याने की ग्राहकाने सोसावा, यावर वर्गात चर्चा व्हायला हरकत नाही.